हिवाळा, रातचं ओलीत आणि मन: खेड्यातल्या आपल्या लोकांसाठी धागा

वावरवाली (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. थंडी पडली की "हिवाळ्यात मन उदास का होतं" असे लेख मोबाईलवर फिरायला लागतात. त्यातले बरेचसे दूर उत्तरेकडच्या देशांसाठी लिहिलेले असतात. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूप्रमाणे येणाऱ्या नैराश्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. तेव्हापासून तिकडे त्याला नाव आहे आणि उपचारही आहे: सकाळी उठून १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर अर्धा तास बसायचं. ओस्लोत डिसेंबरातला दिवस ६ तासांच्याही आत संपतो. तिथल्या माणसाला त्या दिव्याचा खरंच आधार होत असणार.

आपल्याकडचा सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा. पऱ्हाटीत (कपाशीत) उभं राहिलं की ऊन डोळ्यांवर येतं. उजेडाची आपल्याला कमी नाही. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावातली माणसं चिडचिडी होतात, गप्प होतात, ताटावरून उठून जातात, हे मी लग्न होऊन इथे आल्यापासून बघते आहे. माझं मत असं, की आपला हिवाळा माणसाची झोप नेतो आणि चार माणसांची सोबतही नेतो. उपाय शोधायचा तर तिथे शोधायला हवा.

बघा ना. हरभरा आणि गहू ओलितावर, आणि लाइन (मोटरीची वीज) एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची. तुरीला शेंगा धरल्या की डुकरं आणि रोही (नीलगायी) येतात, म्हणून ज्याला ओलीत नाही तोही जागलीला जातो. बायांचं वेगळंच. दहिवर सुकायच्या आधी कापूस वेचता येत नाही, म्हणून पहाटे चारला उठून सैपाक, धुणं, पाणी सगळं आटपायचं आणि ऊन वर आलं की वावरात. मजुरी किलोवर, त्यामुळे कंबर सरळ करायलाही मन होत नाही. घरी आलं की पुन्हा चूल. आणि भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. झोपायची खोली कापसानं भरलेली, अंगाला खाज, विडी-चिलमीच्या ठिणगीची धास्ती. शिवाय माल ओला राहिला आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर हमीभावाच्या केंद्रावरून गाडी परत येईल, हा घोर. त्या खोलीत पाठ टेकली तरी झोप कशी लागणार?

त्यात हे दिवस हिशोबाचे. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचा अंदाज आलेला असतो, पीककर्जाची ३१ मार्च समोर दिसत असते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. कोणाच्या मुलीचं किती तोळ्यांत झालं हे ऐकत ऐकत आपल्या मुलीचा विचार करायचा.

माझी विनंती एवढीच: तुमच्या गावात, तुमच्या घरात, या दिवसांत माणूस सावरायला काय कामी आलं ते लिहा. "सकारात्मक राहा" नको. जे खरंच करता येतं ते.

---

रातपाळी (बुलढाणा)

ताई, तुमी माह्याच घरचं लिहिलं असं वाटलं.

रातच्या आठवड्यात हरभऱ्याले पानी देयाले मी एकटाच जातो. तुषारचे पाइप दर तीन-चार घंट्यानं बदलाव लागते, मंग मधात झोपता येत नाही. वाघाची भीती आमच्याइकडं नाही, डुकरं आन् रोही आहे, त्याचं काही वाटत नाही. खरी भीती डोकस्यातली. दिवसा बापासंगं बसून जो हिशोब करतो, तो जमून जाते. तोच हिशोब रातच्या २ वाजता केला त असं वाटते का आपल्याच्यानं काहीच होनार नाही. झोप येऊ नये म्हनून खर्रा खातो, मोबाईल पाहतो.

सकाळी घरी येतो त डोये चुरचुर करते पन झोप येत नाही. ११ वाजता डोया लागला का कोनी ना कोनी आवाज देते. शेजारचे म्हन्ते, पोट्टा दिवसभर झोपते. मायले वाईट वाटते. मले सांगा, याच्यात करावं काय?

---

संत्रा_बाग (वरुड)

रातपाळी भाऊ, एकटं जाणं बंद करा. बाकी नंतर लिहितो, मृग बहाराचं पाणी चालू आहे.

---

गावदवाखाना

मी ग्रामीण भागात सरकारी दवाखान्यात काम करतो. धागा उघडल्याबद्दल ताईंचे आभार. झोपेचा मुद्दा त्यांनी अगदी बरोबर पकडला आहे. झोप सतत मोडत राहिली तर चांगल्या, धट्ट्याकट्ट्या माणसाचंही मन खचतं. ज्याला आधी कधी नैराश्य येऊन गेलं आहे, त्याला तर फार जपावं लागतं.

रातपाळी भाऊ, आठवड्याआड झोपेची वेळ उलटी होणं हे पाळीचं कामच आहे. शरीराचं आतलं घड्याळ एका आठवड्यात पूर्ण फिरत नाही, ते फिरायला लागतं तेवढ्यात दिवसाची लाइन येते. म्हणून सकाळी थकून येऊनही झोप लागत नाही. त्याचा आळसाशी संबंध नाही, हे तुमच्या आईलाही सांगा. रात्रीच्या आठवड्यात झोप दोन तुकड्यांत घ्या: जायच्या आधी संध्याकाळी दीड-दोन तास, आणि सकाळी आल्यावर चार-पाच तास. घरी येताना टोपी किंवा दुपट्टा डोळ्यांवर ओढा, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू "दिवस उगवला" असं समजतो. खोलीत अंधार करा. घरच्यांनी ते चार तास तुम्ही गावात नाहीच असं धरून चालायचं, कोणी आलं तरी उठवायचं नाही. उठलात की मात्र सरळ उन्हात जाऊन बसा.

चहा रात्री १ नंतर नको. घेतलेल्या चहा-कॉफीचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो. खर्ऱ्यातल्या तंबाखूत निकोटिन आहे, ते उत्तेजक आहे. तुम्ही जागण्यासाठी खाता आणि मग सकाळी तेच झोपू देत नाही. तोंडाच्या कर्करोगाबद्दल वेगळं सांगत नाही, गावोगाव दिसतोच आहे.

आणि रात्री २ च्या हिशोबाबद्दल. त्या वेळी शरीराचं तापमान खाली गेलेलं असतं, सावधपणा सगळ्यात कमी असतो, आणि अशा वेळी वाईट तेवढंच खरं वाटतं. माझ्या रुग्णांना मी सांगतो की रात्री आलेला प्रश्न खिशातल्या कागदावर लिहा आणि दुपारी जेवण झाल्यावर, घरातल्या एका माणसासोबत बसून वाचा. कर्ज, विक्री, भांडण, घर सोडणं, यातला एकही निर्णय रात्री घ्यायचा नाही.

आता झोपेच्या पलीकडचं. झोप मिळूनही २ आठवडे रोजच मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक गेली असेल, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. आपल्याकडचा माणूस "मन उदास आहे" असं सांगत दवाखान्यात येत नाही. तो डोकं दुखतं, छातीत भरून येतं, हातपाय गळतात, पोट साफ होत नाही असं सांगतो. सगळ्या तपासण्या बऱ्या निघतात आणि तो सलाईन लावून परत जातो. तुमच्या घरात असं वारंवार होत असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना झोप आणि मनाबद्दल आपणहून सांगा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंदही करू नका. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून घेणं टाळा. दारूसोबत तर ती जिवावर बेतू शकते.

अजून एक, थंडीचं आहे म्हणून इथेच सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

---

आशा_अकोला

डॉक्टरसाहेब म्हणाले ते "२ आठवडे" आम्ही दोन प्रश्नांनी विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात, माणसांत, कशातच गोडी वाटत नाही असं किती दिवस झालं? आणि मन खचलेलं, निराश असं किती दिवस वाटलं? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं की आम्ही पुढे पाठवतो. हे दोन प्रश्न कोणीही कोणालाही विचारू शकतं, त्यासाठी आशा कार्यकर्ती असायची गरज नाही.

पण विचारायची जागा पाहिजे. बायांना घरात विचारलं तर सासू समोर असते, वावरात विचारलं तर किलो कमी होतात. मला संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू फार उपयोगी पडतं. रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडे तरी जायचं असतंच. वाण घेऊन निघताना जी बाई उगाच थांबते, फाटकापाशी रेंगाळते, तिच्याशी मी बोलते. आणि जी दरवर्षी येते पण यंदा आलीच नाही, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी जाते. विधवा बायांना बोलावत नाहीत अशी घरं अजून आहेत. मी स्वतःच्या घरी सगळ्यांना बोलावते आणि कुंकूही लावते. नवरा गेल्यावर पहिला हिवाळा त्या बाईला किती जड जातो ते मी पाहिलं आहे. सणाला घरात बसवून ठेवणं म्हणजे तिची उरलेली सोबतही काढून घेणं आहे.

दुसरी गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. डिसेंबरपर्यंत कपाशीची फवारणी संपते आणि उरलेल्या बाटल्या घरात पडून राहतात, खाटेखाली, फळीवर, कुठेही. त्या कुलपात ठेवा. किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, नाहीतर बाटल्या घराबाहेर वावरातल्या पेटीत कुलूप लावून ठेवा. जिवावर उठण्याचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचा असतो आणि तो ओसरतो. त्या मिनिटांत हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर आत्महत्या खूप कमी झाल्या, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आपल्या हातात निदान कुलूप तरी आहे.

आणि कोणी "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हटलं तर विषय बदलू नका. "मरणाचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका आणि दवाखान्यात सोबत जा.

---

पुण्यातला_वऱ्हाडी

मी धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो. बाबा जाऊन वर्ष होईल. आई वाशीम जिल्ह्यात गावी एकटी आहे, पुण्याला यायला तयार नाही. फोनवर "बरं आहे, तू जेवला का" एवढंच. शेजारच्या काकू म्हणतात की थंडी पडल्यापासून ती संध्याकाळी सहालाच कवाड लावून घेते, चूलही रोज पेटत नाही. मी इथून काय करू शकतो?

---

संत्रा_बाग (वरुड)

पुण्यातले भाऊ, मी सत्तरीचा आहे, म्हणून आईच्या बाजूनं लिहितो.

हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसाची रात्र फार मोठी होते. सहाला अंधार, आठला जेवण, नऊला अंथरूण आणि दोनला डोळा उघडा. मग उजाडेपर्यंत गेलेली माणसं आठवतात. "कशी आहेस" विचारू नका, त्याला "बरं आहे" हेच उत्तर येणार. तिला काम द्या. यंदा तिळाचे लाडू पाठव म्हणा. तुरीच्या शेंगा सोलून पाठव, बोरं वाळव, नातवाला गोधडी शिव म्हणा. तुम्हाला तिची गरज आहे हे तिला दिसू द्या. फोनची वेळ सहाची ठेवा, कवाड लावायची वेळ. आणि शेजारच्या काकूंना सांगा की सकाळी उन्हात बसायला तिला हाक मारा. आमच्याकडे देवळाच्या भिंतीला सकाळचं ऊन येतं, तिथे आम्ही म्हातारे बसतो. एखादा दिवस कोणी आला नाही की दुसरा त्याच्या घरी जाऊन बघतो.

तुमच्या गावी गुरुदेव सेवा मंडळ असेल तर संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना असते. देवाधर्माचं ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यातलं हे मोलाचं वाटतं की रोज ठरल्या वेळी माणसं एकत्र बसतात आणि एकटं माणूस तेवढा वेळ एकटं राहत नाही.

चूल पेटत नाही, हे मात्र हलक्यात घेऊ नका. सुट्टी काढून या.

---

गावदवाखाना

काकांशी पूर्ण सहमत. चूल न पेटणं ही धोक्याची खूण आहे. येताना वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड एवढं तपासून घ्या. म्हातारपणी अशक्तपणा आणि थायरॉईड दोन्हीमुळे माणूस मंदावतो आणि सगळे त्याला दुःख समजतात. आणि खरंच नैराश्य असेल तर वयामुळे असंच असतं म्हणून सोडून देऊ नका, उपचारानं त्या वयातही माणूस बरा होतो.

---

झाडीतला (गडचिरोली)

आमच्याकडचं थोडं वेगळं आहे. इकडे धानाचा भाग. कापणी-बांधणी झाली, मळणी झाली की बऱ्याच जणांना काम नाही. ताई म्हणाल्या तशी सोबत आमच्याकडे हिवाळ्यात कमी होत नाही, वाढते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई (जत्रा), आणि वडसा इथल्या मंडळांची नाटकं थेट होळीपर्यंत. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपतो. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, जावई येतात. मी म्हणतो यानं माणूस जगतो. वर्षभर न भेटलेली माणसं एका मांडवात भेटतात, रडतात, हसतात. ज्यांच्या घरात दुःख आहे त्यांना आवर्जून न्या.

पण याच दिवसांत दारू वाढते. आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा, तरी मोहाची मिळतेच. थंडी आहे, दोन घोट घेतले की गरम वाटतं म्हणतात. गरम वाटतं ते कातडीकडे रक्त धावल्यामुळे. आतलं अंग उलट थंड पडतं. झोप लवकर लागते आणि मध्यरात्री मोडते. सकाळी मन अजून खाली. मग पुन्हा दारू. माझा सख्खा भाऊ यातून बाहेर आला. आमच्या जिल्ह्यात मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाचं तालुक्याला क्लिनिक असतं, तिथे त्याला घेऊन गेलो. घरातल्यांनी शिव्या देऊन, कोंडून त्याची सुटली नसती. एक गोष्ट तिथे पक्की कळली: रोज खूप पिणारा माणूस एकदम बंद करतो तेव्हा हातपाय थरथरतात, काही जणांना झटके येतात, भास होतात. म्हणून सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि रातपाळी भाऊ, तुम्ही म्हणालात वाघाची भीती नाही, आम्हाला ती आहे. रात्री वावरात जायचं तर घरी बसलेली बायकोही जागी असते. एका मोटरीमागे दोन माणसांची झोप जाते. दिवसा लाइन मागणं ही आमच्यासाठी फक्त शेतीची मागणी नाही.

---

वावरवाली

झाडीतले दादा, बायको जागी असते हे तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. हे कोणी मोजत नाही.

डॉक्टरसाहेब, एक विचारते. गावात मानसोपचाराचे डॉक्टर नाहीत, तालुक्यालाही नाहीत. नागपूरच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की मुलीचं लग्न मोडेल म्हणून घरचे गप्प बसतात. अशा वेळी सुरुवात कुठून करायची?

---

गावदवाखाना

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, त्याची भीतीही तेवढीच जुनी. पण नैराश्यासाठी बहुतेकांना तिथे जावंच लागत नाही. सुरुवात फोनवरून करा. १४४१६, टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. लागत नसेल तर १८००-८९१-४४१६. त्यानंतर जिल्हा रुग्णालय. तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी होते, औषधंही मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी ते पथक कोणत्या दिवशी येतं हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

गावातल्या माणसांनी काय होतं, याचं आपल्याच भागातलं उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं, लागेल त्याला समुपदेशक, त्यापुढे डॉक्टर. १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत तो अभ्यास छापून आला. लोक मदत घेत नाहीत असं आपण म्हणतो. जवळ आणून दिली तर घेतात.

---

पुण्यातला_वऱ्हाडी

शुक्रवारची बस काढली आहे. काका, फोन आता सहालाच करतो. आईला गोधडीचं सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "किती लांबीची?" बऱ्याच दिवसांनी तिनं मला काहीतरी विचारलं.

---

रातपाळी

सगळ्यायले धन्यवाद. माय वाचत नाही, पन मी तिले डॉक्टरसाहेबांचं वाचून दाखवलं. आता खोलीले कपडा लावला आन् शेजारच्या काकूले तिनंच सांगितलं का चार घंटे आवाज नको.

एकट्यानं जाऊ नका म्हनता, त बापाचे गुडघे गेले, भाऊ नाही. कोनाले नेऊ?

---

वावरवाली

भाऊ, तुमच्या डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) अजून किती मोटरी आहेत? लाइन सगळ्यांना एकाच वेळी येते, म्हणजे त्या रात्री ते सगळे जागेच असतात, ज्याचा तो आपल्या बांधावर. आमच्याकडे यंदा असं केलं: एका विहिरीजवळ शेकोटी, पाइप बदलायला सगळे एकदमच उठतात, दोघे-दोघे मिळून एकमेकांचे बदलतात, बाकी वेळ तिथेच. एक झोपतो, एक जागतो, डुकरांवर लक्षही राहतं. ज्याच्या घरचं जवळ तो डबा आणतो, खर्ऱ्याऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. मोबाईल स्टार्टर बसवलेल्या एकानं तर त्याची मोटर घरूनच सुरू करायची आणि पाइप शेजाऱ्यानं बदलायचे, असा अदलाबदलीचा करार केला आहे. पुढच्या रात्रीच्या आठवड्याआधी डीपीवरच्या लोकांना गोळा करा. पहिल्यांदा विचारणं अवघड वाटेल, कारण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना गरज नाही.

---

रातपाळी

डीपीवर नऊ मोटरी आहे. दोघायसंगं बोलनं नाही, बांधावरून. तरी सोमवारी विचारतो सगळ्यायले. त्या दोघायले पयले.